लांजेवारांचा सर्व्हर आणि कोंढ्याचं पाणी

मंगेश लांजेवारने घरात सर्व्हर बसवायचं ठरवलं तेव्हा मोनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकच प्रश्न विचारला. "बसून तो करते काय?"

प्रश्न रास्त होता. उत्तरही मंगेशजवळ तयार होतं, कारण कित्येक दिवस तो जेवताना मांडीवर फोन ठेवून त्याच विषयाचे व्हिडिओ पाहत होता. फोनमधली जागा भरली होती, आणि आणखी जागा हवी तर दर महिन्याला भाडं भरा, असा निरोप रोज येत होता. "आपले फोटो समुद्रापलीकडच्या कोण्या गोदामात ठेवायचे आणि वरून भाडंही भरायचं, हे काही स्वाभिमानाचं लक्षण नाही," तो म्हणाला. "घरचं घरी पाहिजे." मोनाने भाजीत मीठ घातलं. नवरा खड्ड्याकडे चालला आहे आणि हाक मारून उपयोग नाही, हे ज्या बायकांना कळून चुकलेलं असतं, त्यांच्या चेहऱ्यावर असते तशी शांतता तिच्या चेहऱ्यावर होती.

मंगेश भंडाऱ्याला पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात लिपिक होता. संगणक त्याला पत्र टाइप करण्यापुरता येत होता. पण व्हिडिओ पाहून माणसाला जे ज्ञान येतं त्यात एक गंमत असते. समोरचा माणूस संगणकाचा डबा उघडतो, बंद करतो आणि हसतो, तेवढ्यात आपल्यालाही वाटतं की आपण उघडला, बंद केला आणि हसलो. गावातल्या ‘खात रोड’ नावाच्या रस्त्यावरचं एक इंटरनेट कॅफे केव्हाचंच बंद पडलं होतं. तिथला एक म्हातारा डबा मंगेशने स्कूटरवर मोनाच्या मांडीवर ठेवून घरी आणला. दोन नव्या हार्ड डिस्क घातल्या, एक मेली तर दुसरीत सगळं शिल्लक राहावं म्हणून. बटण दाबलं. डबा टीं टीं करून गप्प झाला. मेमरीची पट्टी खोडरबरने घासावी, असं व्हिडिओत सांगितलं होतं. खोडरबर संपेपर्यंत त्याने ती घासली. मग लक्षात आलं की पट्टी खाचेत नीट बसलेलीच नव्हती. अंगठ्याने दाबल्यावर ती कट्कन बसली आणि डबा घरघर करत चालू झाला. त्या आवाजाने मंगेशच्या डोळ्यांत पाणी आलं. खोडरबराचा भुगा गेला असेल, असं तो नंतर मोनाला म्हणाला.

पण घरातला सर्व्हर घराबाहेरून उघडला तरच त्याला अर्थ. त्यासाठी इंटरनेटवाल्यांकडून इंटरनेटवरचा कायमचा पत्ता घ्यावा लागतो. मंगेश त्यांच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "दुकान आहे काय?" तो म्हणाला, नाही. "मग कंपनी आहे काय?" नाही. "मग तुम्हाला पत्ता कायले पाहिजे?" मंगेशने घरचं घरी असण्याबद्दलचं आपलं मत सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यासाठी घराच्या मालकीचा पुरावा जोडून अर्ज करा. घर भाड्याचं होतं. घरमालकाने विचारलं, "माझ्या घरात तुम्ही काय उघडून राहिले?" आणि भाडं वाढवायचा विषय काढला. मंगेशने पत्त्याचा नाद सोडला. सर्व्हर घरातूनच पाहायचा, असं त्याने ठरवलं. म्हणजे ज्या फोनमध्ये फोटो होते, तो फोन हातात घेऊन पलंगावर बसायचं आणि तेच फोटो चार हातांवरच्या डब्यातून मागवून पाहायचे.

एवढ्यात एप्रिल लागला, आणि भंडाऱ्याचा एप्रिल काय असतो हे व्हिडिओतल्या माणसाला माहीत नव्हतं. डबा तापला की टीं टीं ओरडायचा आणि स्वतःच्या मर्जीने बंद व्हायचा. शेजारचे पुंडलिकराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते, आणि तापणारी कोणतीही वस्तू ही मुळात बसच असते अशी त्यांची धारणा होती. "लांजेवार भाऊ, इंजिन गरम झालं तर पाणी पाहिजे," ते म्हणाले. "आतून नाही तर बाहेरून द्या. ओला बारदाना गुंडाळा." त्यांच्या पत्नी सुशीलाबाई म्हणाल्या की ही मशीन आल्यापासून आमचे पापड वाळत नाहीत. पापडांचा आणि मशीनचा संबंध काय, हे विचारायची हिंमत मंगेशला झाली नाही. पण ओला बारदाना त्याने गुंडाळला. पाणी ओघळून खालच्या विजेच्या बोर्डात गेलं, फाडकन आवाज झाला आणि घरांच्या अख्ख्या ओळीची लाइन गेली. सगळे शेजारी बाहेर आले. पुंडलिकराव सगळ्यात पुढे होते आणि सगळ्यांना सांगत होते, "मी म्हटलं होतं, पण इतका ओला नाही."

शेवटी उरला कूलर. घरात एकच होता, आतल्या खोलीच्या खिडकीत. मंगेशने डबा त्याच्या थेट समोर स्टुलावर ठेवला, हवेची दिशा बांधून टाकली आणि मोनाला सांगितलं, "उन्हाळाभरच." डबा ओरडायचा थांबला. नवराबायको पंख्याखाली घामाने निथळत झोपू लागले.

त्याच सुमारास मोनाचे वडील, देवाजी, कोंढा या आपल्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. सासूबाई गावी ढोरांजवळ राहिल्या. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि सांगितलं, थंड जागी ठेवा, डोळ्यात घाम जाऊ देऊ नका. मोनाने बाबांची खाट आतल्या खोलीत टाकली आणि कूलरकडे हात नेला.

"राहू दे," मंगेश म्हणाला. "त्याच खोलीत आहेत ना. हवा फिरतेच."

मोनाने त्याच्याकडे पाहिलं. पण वडिलांसमोर नवऱ्याला बोलायचं नाही, अशी तिला शिकवण होती, आणि ती देवाजींनीच दिलेली होती. खाट थोडी सरकवल्यावर कूलरच्या हवेचं शेपूट देवाजींच्या पायांना लागायचं. "माहे पाय चांगले थंडे होऊन राहिले," ते म्हणाले. "लय झालं मले." लेकीच्या घरी पाहुणा आलेला बाप काही मागत नसतो, ही त्यांची जुनी रीत.

मग त्यांनी स्टुलावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. "हे काय व्हय, जवाईबुवा?"

इथे मंगेशने खरं सांगायला हवं होतं. पण आपला जवाई भंडाऱ्याला मोठा साहेब आहे, असं देवाजी गावभर सांगत, आणि मोठ्या साहेबाने घरातला एकुलता एक कूलर आपल्या छंदाला लावला आहे, हे वाक्य मंगेशच्या तोंडातून निघेना.

"ऑफिसचं आहे, मामाजी. माहिती असते त्याच्यात."

"कायची?"

मंगेशला जो पहिला शब्द सुचला तो त्याच्या खात्याचा होता. "पाण्याची," तो म्हणाला.

देवाजींनी मान डोलावली. त्या दिवसापासून ते डब्याकडे पाठ करून झोपेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी ते फोनवर सासूबाईंशी बोलले. सासूबाई विहिरीवर बोलल्या. विहिरीवरून ती गोष्ट धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधाबांधावरून, गावभर गेली, आणि वाटेत थोडी अंगाने भरली. देवाजींनी सांगितलं होतं की जवायाच्या घरी पाण्याच्या माहितीची मशीन आहे. गावात पोचेपर्यंत ती पाणी सोडायची मशीन झाली. कोंढ्याकडे उन्हाळी धान निसवून राहिला होता, लोंबीत दूध भरायचं होतं आणि नहराचं, म्हणजे कालव्याचं, शेवटचं पाणी आलेलं नव्हतं. अशा वेळी भंडाऱ्याला आपल्या देवाजीच्या जवायाच्या झोपायच्या खोलीतून नहर उघडतो, ही बातमी ज्याला खोटी वाटेल असा शेतकरी मिळणं कठीण.

मंगेशला फोन येऊ लागले. "साहेब, नहराच्या आमच्या टोकाले लवकर सोडजा," एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं की बटण जास्त वेळ दाबलं तर पाणी जास्त येते काय. मंगेश म्हणायचा, "भाऊ, तसं नाही ते." लोक म्हणायचे, "हो साहेब, समजलो, फोनवर बोलता येत नसंल." नकाराचा त्याने जितका प्रयत्न करावा तितकं त्याचं वजन वाढे. हे सगळं देवाजींना सांगून एका वाक्यात संपवता आलं असतं. पण ते वाक्य रोज संध्याकाळी मंगेशच्या घशाशी यायचं आणि देवाजींनी "मशीन बरी हाय ना आज?" असं विचारलं की परत खाली जायचं.

एका दुपारी कोंढ्याची काही माणसं थेट कार्यालयात आली आणि त्यांनी शिपायाला विचारलं, "ज्याइच्या घरी पाण्याची मशीन हाय ते लांजेवार साहेब कोठी बसतात?" शिपायाने त्यांना मोठ्या साहेबांकडे नेलं. साहेब गंभीर प्रकृतीचे होते. शासनाची माहिती कर्मचाऱ्याच्या घरी असणं ही त्यांच्या दृष्टीने हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. त्यांनी मंगेशला बोलावलं, टोपी घातली आणि म्हणाले, "चला, पाहू द्या."

जीपमध्ये मंगेशने तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा साहेबांनी बाहेर पाहिलं.

कॉलनीत लाइन गेलेली होती. मोना औषध आणायला बाजारात गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेल्यावर मंगेशला जे दिसलं, ते पुढे कधी आठवलं की तो चारचौघांत असला तरी डोळे मिटून घ्यायचा.

लाइन गेल्यामुळे कूलर बंद होता. सर्व्हर मात्र इन्व्हर्टरवर चालू होता, कारण तशी जोडणी मंगेशनेच मोठ्या अभिमानाने करून घेतली होती. डबा टीं टीं ओरडत होता. त्याच्यासमोर, स्टुलाला लागून, काळा चष्मा लावलेले देवाजी उकिडवे बसले होते आणि शिंदीच्या पानाच्या पंख्याने त्याला वारा घालत होते. त्यांचं बनियान अंगाला चिकटलं होतं. घाम कपाळावरून चष्म्याच्या आत चालला होता. भिंतीशी कोंढ्याहून मशीन पाहायला आलेला मंगरू, देवाजींच्या बांधाला बांध असलेला शेतकरी, दुपट्टा मांडीवर घेऊन बसला होता, देवळात बसावं तसा. पायातले जोडे त्याने बाहेर काढून ठेवले होते.

"आवाज नोका करू," देवाजी मागे न पाहता म्हणाले. "गरम झाली हाय. बंद पडली तं जवाईबुवाले साहेब बोलतीन."

साहेबांनी टोपी काढली. ते मंगेशच्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "काय आहे त्यात?"

"फोटो, सर," मंगेश तितक्याच हळू म्हणाला.

"कशाचे?"

"घरचे."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मंगेशला वाटलं, आता बोलतील, आणि बोलतील तर बरं होईल. पण त्यांनी खाली वाकून देवाजींच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा तापलेला होता. "बाबा, उठा आता," ते म्हणाले. "मशीन थंड झाली. तुम्ही चांगलं काम केलं." मग त्यांनी स्वतःच्या हाताने डब्याची पिन काढली आणि देवाजींना आपल्या जीपमध्ये बसवून डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डोळा लाल झाला होता. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, थेंब वाढवून देतो, पण यांना इतका घाम आला कसा, घरी कूलर नाही काय? मंगेशने जमिनीकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "आता राहील."

 घरी मोनाने डबा उचलून पलंगाखाली ढकलला आणि कूलरचं तोंड बाबांच्या खाटेकडे वळवलं. मंगेशने पंख्याखाली चटई टाकली तर तिने ती उचलून ओसरीत टाकली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात साहेबांनी एवढंच सांगितलं, "लांजेवार, चारजणांना खोटं सांगितलं तर माणूस चारजणांपुरता खोटा होतो. तुम्ही अख्खं गाव लावलं कामाला." आणि त्यांनी फाइल पुढे ओढली.

मंगेशने ठरवलं की देवाजींना गावी सोडायला आपण स्वतः जायचं आणि सगळं सांगायचं. पण देवाच्याही मनात काही असतं. कोंढ्याची पाण्याची पाळी आधीच ठरलेली होती, आणि ती नेमकी त्याच आठवड्यात सुटली. शिवाय मंगरूने गावात जाऊन सांगितलं होतं की खुद्द मोठे साहेब जीप घेऊन मशीन पाहायला आले आणि त्यांनी आपल्या हातानं पिन काढली. पिन काढली आणि पाणी आलं. याच्यापुढे पुरावा तो कोणता?

एसटीतून उतरल्यावर मंगेशला मारुतीच्या देवळासमोर सतरंजी अंथरलेली दिसली. नारळ होता, शाल होती. देवाजी काळा चष्मा लावून पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. आयुष्यात ते असे पुढे कधी बसले नव्हते, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मंगरू बोलायला उभा राहिला. म्हणाला, टोकाच्या धानाच्या बांधीले पानी भेटलं, हे पहिल्यांदा झालं, आणि हे देवाजीभाऊनं डोळा फुटायची पर्वा न करता मशीनले वारा घातला म्हनून झालं.

शाल मंगेशच्या खांद्याला लागली तेव्हा तो उभा राहिला. त्याला वाटलं होतं की असं बोलणं अवघड जातं. तसं काही झालं नाही. पटकन बोलून झालं. मशीन पाण्याची नाही. ऑफिसची नाही. माझी आहे. तिच्यात माझे फोटो आहेत. पाणी पाळीनं आलं, माझ्यामुळे नाही. मामाजींना मी खोटं सांगितलं, कारण मला खरं सांगायची लाज वाटली. एवढं बोलून तो खाली बसला आणि शाल काढून त्याने मांडीवर घडी केली.

 मग मंगरूने विचारलं, "मंग पानी कोन सोडते?"

"मोठे साहेब. वरून आदेश येतो, त्याप्रमाणे."

"बापा," मंगरू शेजाऱ्याला म्हणाला. "लांजेवार साहेबाची येवढी मशीन फोटोची, तं त्याइच्या घरी केवढी असंल."

सभा त्या विषयाकडे वळली. देवाजी मात्र खुर्चीवरून उठले, धोतर झटकलं आणि कोणाकडे न पाहता चालू लागले. मंगेश मागे गेला. नहराच्या काठावर ते थांबले. पाणी गढूळ होतं आणि जोरात चाललं होतं. मंगेश दोन पावलं मागे उभा राहिला. जवळ जायची त्याची हिंमत नव्हती.

"मीच गावाले सांगतलं," देवाजी पाण्याकडे पाहत म्हणाले. "आता मले उद्या चावडीवर बसनं हाय. तुमाले भंडाऱ्याले जानं हाय."

"चुकलं माझं, मामाजी."

देवाजींनी पायाने एक ढेकूळ पाण्यात लोटलं. मग त्यांनी विचारलं, "कोनाचे फोटो होते, ज्याइले मी वारा घातला?"

मंगेशने फोन काढला. फोटो फोनमध्ये सगळे तसेच होते. सर्व्हरवर त्याचा स्वतःचाच तेवढा भरवसा नव्हता, म्हणून त्याने एकही पुसला नव्हता. तो एकेक दाखवू लागला आणि दाखवता दाखवता त्याचं बोट जड होत गेलं. पहिले थोडे मोनाचे होते. पुढचे सगळे डब्याचे होते. उघडा डबा, बंद डबा, उजवीकडून डबा, डावीकडून डबा, हिरवा दिवा लागलेला डबा.

"माहा हाय काय येखांदा?" देवाजींनी विचारलं.

मंगेशने पुढे सरकवलं, मागे सरकवलं. सासरे इतके दिवस घरात होते. एका फोटोत, कूलरसमोरच्या डब्याच्या मागे, खाटेच्या काठावर एक गुडघा आला होता. धोतर वर सरकलेलं, गुडघ्यावर जुना व्रण. मंगेशने फोन लपवायला हवा होता, पण देवाजींनी तो हातात घेतला होता. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, फोन आधी जवळ धरला, मग लांब धरला. नव्या डोळ्याने ते बराच वेळ पाहत राहिले.

"हा माहाच व्हय," ते म्हणाले. "साफ दिसून राहिला."

त्यांनी फोन परत दिला आणि घराकडे वळले. थोडं पुढे गेल्यावर थांबून म्हणाले, "हा ठेवजा मशीनमंदी."

मंगेशने मान हलवली. मशीन पलंगाखाली बंद पडली आहे, हे सांगायची त्याला पुन्हा लाज वाटली.